मोठ्या पोरीची गाडी

खुशालराव मास्तरांचं डोकं त्या दिवशी सकाळी सातलाच तापलं, आणि त्याला कारण झाली एक निळी बाबागाडी.

सून पौर्णिमा आणि नात कृतिका दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याहून तिवस्याला आल्या होत्या. मुलगा किशोर तेलाच्या मिलमध्ये सुपरवायझर, सणाचा माल रवाना करायच्या गडबडीत त्याला सुट्टी मिळाली नव्हती. कृतिकाला नुकतीच नऊ वर्षं पूर्ण झाली होती आणि वाढदिवसाला तिने एकच गोष्ट मागितली होती: अमरावतीच्या रोडवर नवीन झालेली मौजनगरी पाहायची. पाळणे, झुकझुक गाडी, भुताचा बंगला, सगळं. कृतिकाच्या आबांनी, म्हणजे मास्तरांनी, जुनी व्हॅन धुऊन पुसून तयार ठेवली होती. डब्यात पराठे भरून झाले होते. आणि पौर्णिमा अंगणात ती गाडी उघडून तिचे ब्रेक दाबून पाहत होती.

"हे काय होय?" मास्तरांनी विचारलं.

"गाडी आहे बाबा. कृतिकासाठी."

"कृतिका नऊ वर्षांची आहे."

"म्हणूनच मोठी घेतली."

गाडी खरंच मोठी होती. पौर्णिमाने ती नागपूरहून जुनी मिळवली होती आणि अकोल्यात गुलाम नबी वेल्डरकडून तिची चौकट वाढवून घेतली होती. त्याने पाय ठेवायला पट्टी लावली, मागची चाकं बदलली आणि स्वतः तिच्यात बसून दाखवलं, म्हणाला, "ताई, मी बसलो तरी मोडत नाही."

मास्तरांनी तिवस्याच्या शाळेत एकतीस वर्षं पीटी शिकवली होती. उन्हात पोरं पळवली, कवायत घेतली, तालुक्याला कबड्डीच्या ढाली आणल्या. जो चालतो तो जगतो, हा त्यांचा एकुलता एक सिद्धांत, आणि तो ते भेटेल त्याला सांगत. अडुसष्टाव्या वर्षीसुद्धा रोज पहाटे मोझरीच्या दिशेने चार किलोमीटर जाऊन परत येत. आता त्यांच्याच दारातून त्यांची नात बाबागाडीत बसून निघणार, आणि समोरच्या ओट्यावरून शेजारी पाहणार.

"पौर्णिमा, हे गाडी राहू दे घरी. धडधाकट लेकरू आहे ते."

"धडधाकट दिसते बाबा. आहे का, ते तुमाले माहीत आहे."

माहीत होतं. तीन वर्षांची असताना कृतिकाला सिकलसेल निघाला होता. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडं आतून दुखतात. डॉक्टरांनी हे मास्तरांनाही समजावलं होतं, कागदावर कोयत्यासारखी आकृती काढून. फार दमली, पाणी कमी पडलं, उन्हातान्हात फिरली किंवा एकदम गारठली, की दुखणं उठू शकतं. पण महिन्यातले सत्तावीस दिवस ती इतर पोरींसारखीच दिसायची, दोरीवरच्या उड्याही मारायची. मास्तरांनी ते सत्तावीस दिवसच पाहिले होते. बाकीचे तीन दिवस अकोल्यात पौर्णिमाच्या वाट्याला यायचे.

"तिचे पाय पाळण्यासाठी वाचवाचे आहेत," पौर्णिमा शांतपणे म्हणाली. "एका खेळापासून दुसऱ्या खेळापर्यंत गाडीत. तिथं उतरली की खेळंल. नाई तर अर्धा दिवस नुसतं चालण्यातच संपते तिचा."

"लाड आहेत हे सारे. एवढी मोठी पोरगी, चालवा न तिले. सवय लागते बसाची."

कृतिका दाराच्या चौकटीशी नवा पिवळा फ्रॉक घालून उभी होती. तिने सगळं ऐकलं.  पौर्णिमाने गाडी मिटली, व्हॅनच्या मागे टाकली आणि दार जरा जोरातच लावलं.

मौजनगरीच्या फाटकावर साडेदहालाच रांग लागली होती. पौर्णिमाने तिकिटं काढली, गाडी उघडली, कृतिकाला बसवलं, टोपी घातली, हातात पाण्याची बाटली दिली. फाटकातल्या सिक्युरिटीवाल्याने हात आडवा केला.

"गाडी आत जाणार नाही, मॅडम. चार वर्षांच्या आतल्यांसाठीच आहे."

"तिले दुखणं आहे. हे डॉक्टरचं पत्र पाहा."

त्याने पत्र हातातही घेतलं नाही. "नियम आहे. उद्या सारेच आपआपले मोठाले लेकरं गाडीत घालून आणतील. लाइनमधी घुसाले बरं पडते."

"लाइनमधी घुसाले?" पौर्णिमाचा आवाज चढला. "मी लाइनमधूनच आली न इथपर्यंत? तुमचा मोठा साहेब कोण आहे, बोलवा."

मागे रांग खोळंबली. कुणीतरी शिटी मारली. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "बाप्पा! माह्या पोट्टीपेक्षा मोठी आहे ते, अन् बसली पाहा कशी राणीसारखी!" दोनचार जण हसले. कृतिकाने टोपी पुढे ओढली.

मास्तरांच्या कानशिलाला आग लागली. आयुष्यभर त्यांनी रांगेत उभं राहायला शिकवलं होतं, रांग मोडणाऱ्याच्या पाठीत धपाटा घातला होता. आज त्यांच्यामुळे रांग अडली होती. त्यांना त्या बाईचा राग आला नाही. त्यांना पौर्णिमाचा राग आला.

"राहू द्या हो," ते सिक्युरिटीवाल्याला म्हणाले. "चालते ते. माही नात आहे. उतर कृतिका."

"बाबा, थांबा."

"उतर म्हटलं न!"

कृतिका उतरली. मास्तरांनी गाडी मिटून फाटकाजवळच्या खोलीत टाकली आणि टोकन खिशात घातलं. रांगेतला एक माणूस "बरोबर केलं काका" म्हणाला, आणि मास्तरांना ते आवडलंही.

 पौर्णिमा दात आवळून म्हणाली, "मी ऑफिसात जाऊन लिहून परवानगी आणतो. मी येईपर्यंत तुमी दोघं आतल्या बाकावर, सावलीत बसा. तिले हलवू नका. बाबा, ऐकून राहिले न तुमी?"

"हव," मास्तरांनी मान डोलावली.

बाकावर ते पाच मिनिटं बसले, फार तर सात. समोरून पोरं पळत होती, लाउडस्पीकर वाजत होता, आकाशपाळणा वर चढत होता. ही पोरगी मात्र म्हातारीसारखी बाकावर, मांडीवर बाटली धरून. मास्तर उठले.

"चाल. तुह्या मायले दाखवू आपण. खुशालराव मास्तरची नात कशी चालते ते."

"आई म्हणे बसा."

"मी सांगून राहिलो न. एक-दोन, एक-दोन!"

कृतिकाला हसू आलं. आबांचा हात धरून तीही पाय आपटत निघाली. आकाशपाळणा झाला. मग घोडे. मग भुताचा बंगला, तो निघाला पार उजव्या टोकाला, आणि तिथून कळलं की झुकझुक गाडी तळ्याच्या पलीकडे आहे. मास्तर खुशीत होते. एका अनोळखी माणसालाही थांबवून त्यांनी सांगितलं, "दोन तास झाले नाही बसली! अन् घरचे गाडीत बसवाले निघाले होते." त्या दोन तासांत पौर्णिमाचा फोन सहा वेळा आला. लाउडस्पीकरच्या गोंगाटात खिशातला मोबाइल त्यांना ऐकू आला नाही. ऐकू आला असता तरी त्यांनी उचलला असता का, हे त्यांना नंतर स्वतःलाच सांगता आलं नाही.

पाण्याची बाटली भुताच्या बंगल्याशीच राहून गेली होती. ऊन ऑक्टोबरचं होतं, डोक्यावर आलं होतं.

तळ्याच्या वाटेवर कृतिका म्हणाली, "आबा, बसू का जरासं?"

"लाइन वाढते मंग. आलंच."

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "आबा, पाय..."

"एक-दोन, एक-दोन."

झुकझुक गाडीची रांग लांब होती. मास्तरांनी रांगेत उभं राहून मान उंचावून किती जण पुढे आहेत ते मोजलं. मग त्यांच्या हातातला तिचा हात सैल झाला. त्यांनी खाली पाहिलं तर ती जमिनीवर उकिडवी बसली होती, दोन्ही हातांनी मांड्या आवळून. तोंड उघडं होतं, आवाज येत नव्हता. डोळ्यांतून पाणी मात्र सारखं वाहत होतं.

"काय झालं? कृतिका? ऊठ, ऊठ बरं."

तिला हात लावताच ती किंचाळली. ती किंकाळी मास्तरांनी यापूर्वी कधी ऐकली नव्हती. एकतीस वर्षांत मैदानावर किती हात मोडले, किती गुडघे फुटले. हे त्यातलं काहीच नव्हतं.

त्यांनी तिला उचललं. पाठीवर घ्यायला गेले तर ती आणखी ओरडली, म्हणून दोन्ही हातांवर आडवी धरली. पंचवीस किलोचं लेकरू. शंभर पावलांवर त्यांचा उजवा गुडघा थरथरायला लागला. फाटक दिसतसुद्धा नव्हतं. तेवढ्यात मागून पार्कात पाहुणे फिरवणारी बॅटरीवरची उघडी मोटार आली, आत कुणी नव्हतं. मास्तर वाटेत आडवे उभे राहिले.

"थांब! फाटकावर सोड आम्हाले!"

"काका, हे बुकिंगवाल्या पार्टीसाठी आहे. मले बोलणी बसतात."

"लेकरू मरून राहिलं इथं!"

ड्रायव्हरने कृतिकाच्या लोंबणाऱ्या पायांकडे पाहिलं. रक्त नाही, सूज नाही. "पडली का?"

"नाई पडली. चालून चालून..."

बाजूला आइस्क्रीम खात उभा असलेला एक माणूस, शर्टाच्या गळ्यात गॉगल अडकवलेला, हसून म्हणाला, "काहून उचलता काका? एवढी मोठी पोरगी, चालवा न तिले. सवय लागते."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. सकाळी अंगणात ते हेच बोलले होते, शब्दाला शब्द. पण तेव्हा ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांना फक्त त्या माणसाचं तोंड फोडायचं होतं. हातात पोरगी होती म्हणून, नाहीतर त्यांनी ते फोडलंही असतं. त्यांनी त्याला जी शिवी दिली ती शाळेच्या आवारात कधी उच्चारली नव्हती. मग मोटारीच्या समोरच्या पत्र्यावर लाथ मारली, एकदा, दोनदा, पत्रा चेपला. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यांच्या छातीला धक्का दिला. लोक जमले. कुणी मोबाइल काढून शूटिंग घ्यायला लागलं. कृतिका त्यांच्या हातांवर कण्हत होती आणि ते गर्दीच्या मधोमध उभे राहून सगळ्यांना ओरडत होते, "सरका! सरका इथून! तमाशा आहे का?"

गर्दीतून निळी गाडी घुसली. मागे पौर्णिमा, घामाने चिंब, केस सुटलेले. परवानगीचा कागद दातांत धरलेला होता; टोकन मास्तरांच्या खिशात, म्हणून तोच दाखवून तिने गाडी सोडवून आणली होती.  तिने कागद खिशात कोंबला, मास्तरांच्या हातांवरून कृतिकाला घेतलं, गाडीत पाय सरळ ठेवून निजवल्यासारखं बसवलं, गोळी दिली, घोट घोट पाणी पाजलं. "आहे मी. आहे मी इथं," एवढंच ती म्हणत होती, कृतिकाला. मग गाडी ढकलत पळत सुटली. मास्तर मागे लंगडत गेले. फाटकावर तोच सिक्युरिटीवाला होता. या वेळी त्याने आपणहून आडवा दांडा उचलला, आणि मास्तरांना त्याचाही संताप आला.

अमरावतीच्या दवाखान्यात संध्याकाळपर्यंत सलाईन आणि दुखण्याची इंजेक्शनं चालली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलं, दोन दिवस ठेवावं लागेल. कृतिका गुंगीत झोपली. पौर्णिमा बाहेर व्हरांड्यात आली. मास्तर भिंतीला टेकून उभे होते.

"त्या पार्कवाल्यावर मी केस टाकतो," ते म्हणाले. "त्या ड्रायव्हरले, त्या गेटवाल्याले, कोणालेच सोडत नाही मी. पेपरात देतो."

"पार्कवाल्याले मी पाहून घेईन," पौर्णिमा म्हणाली. "तक्रार लिहून देऊन आली मी दुपारीच. दीड तास मॅनेजरच्या दारात उभी होती. तुमी तुमचं पाहा बाबा."

"माहं काय पाहाचं? मी काय मुद्दाम..."

"तुमाले म्या काय सांगतलं होतं? बाकावर बसा. एवढंच सांगतलं होतं."

"तिच्या भल्यासाठीच नेलं मी. चाललं तर ताकद येते, मले वाटलं..."

"तुमी तिले तिच्यासाठी चालवलं नाही!" तिचा आवाज असा कापला की पलीकडच्या बाकावरची माणसं वळली. "तुमी चालवलं त्या रांगेतल्या लोकायले दाखवाले. ते हसले, तुमाले लाज वाटली. माह्या लेकराची लाज वाटली तुमाले. सहा वर्षं झाली, रात्र रात्र तिचे पाय धरून बसतो मी. तिचे बाबा बसतात. तुमी एक रात्र बसले का? अन् सांगता कोणाले, लाड आहेत म्हणून?"

मास्तर उसळले. "मी आजोबा आहे तिचा! असं बोलतेस मले?"

"आजोबा आहे म्हणूनच ते तुमच्यासोबत गेली न! दुसरं कोणी असतं तर जाग्यावरून हलली नसती ते."

 मास्तरांचा राग गेला नाही. तो छातीत होता तसाच राहिला, फक्त आता तो कुणावर काढायचा ते कळेना. ते पायऱ्या उतरून रस्त्यावर गेले, उगाच चौकापर्यंत चालत गेले, चहा मागवला आणि न पिताच परत आले. पौर्णिमाने त्यांना घरी जा म्हटलं नाही, थांबा म्हटलं नाही. किशोर अकोल्याहून निघाल्याचा फोन आला तेव्हा ती फक्त म्हणाली, "बाबा आहेत इथं," आणि पुढचं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कृतिका उशीला टेकून बसली होती. किशोर औषधं आणायला खाली गेला होता, पौर्णिमा खिडकीपाशी उभी राहून केस विंचरत होती. मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी मोसंबी सोलली, फोडीच्या बिया काढल्या, पुढे धरली. कृतिकाने घेतली नाही. तोंड भिंतीकडे केलं.

"दुखून राहिलं होतं तं सांगतलं काहून नाही, बाई?" त्यांनी शक्य तेवढ्या मऊ आवाजात विचारलं.

 ती एकदम वळली. तिचं तोंड लाल झालं होतं.

"सांगतलं होतं! दोनदा सांगतलं! बसू का म्हटलं, तुमी नाही म्हटलं! पाय म्हटलं, तं तुमी एक-दोन, एक-दोन केलं!"

मास्तरांच्या हातात फोड तशीच राहिली. घरात त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे. किशोर चाळीशीला आला तरी त्यांच्यासमोर खुर्चीत मागे टेकत नव्हता. 'आवाज खाली,' हे शब्द सवयीने त्यांच्या जिभेवर आलेसुद्धा. खिडकीपाशी कंगवा थांबला होता. पौर्णिमा त्यांच्याकडे पाहत होती.

त्यांनी ते शब्द गिळले.  "मंग?" ते म्हणाले. "बोल. अजून बोल."

"मले गाडीतच जायचं होतं! आईनं अन् म्या सारं ठरवलं होतं, कुठं उतराचं, कुठं बसाचं. म्या कागदावर काढलं होतं! झुकझुक गाडी सगळ्यात पहिले होती. तुमी ते शेवटी ठेवली अन् मले बसालेच नाही भेटलं!" आता ती रडतही होती आणि ओरडतही होती. "अन् तुमी त्या माणसाले सांगितलं, दोन तास झाले नाही बसली. मंग मी कशी थांबू? तुमी रागावले असते. तुमी नेहमी रागावता! आईवर बी रागावता, बाबांवर बी. म्या तुमच्यासोबत कधीच जाणार नाही. तुमी लय वाईट आहात!"

आजूबाजूच्या खाटांवरचे लोक पाहायला लागले. कुणाचं तरी लहानगं जागं होऊन कुरकुरलं. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. हातातल्या मोसंबीचा रस मनगटावरून बाहीत उतरत होता, त्यांनी तो पुसला नाही. तिचं काहीच खोटं नव्हतं, आणि एखादं तरी खोटं असावं म्हणून ते मनातल्या मनात शोधत होते.

दारातून नर्स लगबगीने आली. "काय चाललंय हे? ए पोरी, चूप. एवढ्या जोरात ओरडायचं नाही, आजोबा आहेत ना ते तुझे?"

मास्तर स्टुलावरून उठले. काल दिवसभर जो राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं, त्यातला थोडा त्या बिचाऱ्या नर्सवर निघालाच.

"सिस्टर, तुमी बाहेर व्हा," ते खेकसले. "तिचं झालं नाही अजून."

आणि ते पुन्हा खाली बसले. कृतिकाने बाहीने नाक पुसलं, श्वास घेतला आणि पुढचं सांगायला लागली.